झालेले युद्ध आणि टळलेले युद्ध

अर्जेंटिनाच्या उशुआया या बंदराची जाहिरात ‘जगाचे टोक’ म्हणून केली जाते, आणि ती फारशी अतिशयोक्त नाही. दक्षिण अक्षांश ५४ अंश ४८ मिनिटांवर, मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे बीगल सामुद्रधुनीचे करडे पाणी, अशा चिंचोळ्या उतारावर हे शहर वसले आहे. राजधानी ब्युनोस आयर्सपासून ते रस्त्याने तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आणि या रस्त्याने जाणाऱ्यास वाटेत चिलीच्या हद्दीतून गेल्यावाचून गत्यंतर नाही. अंटार्क्टिकाकडे जाणारी बहुसंख्य प्रवासी जहाजे येथूनच निघतात. साहजिकच येथे उतरणाऱ्या प्रवाशाच्या मनात हिमनग आणि पेंग्विन असतात. परंतु त्याला सर्वप्रथम भेटते ते एका युद्धाचे नाव. विमानतळाचे नावच ‘माल्विनास अर्जेंटिनास’, म्हणजे ‘अर्जेंटिनाची माल्विनास’, असे आहे. इंग्रज आणि त्यांच्या मागोमाग आपणही ज्यांना फॉकलंड म्हणतो, त्या बेटांचे हे स्पॅनिश नाव होय.

शहरात शिरल्यावर हे नाव पाठ सोडत नाही. पाण्याच्या काठी माल्विनास चौक आहे. तेथील स्मारकाच्या पत्र्यातून बेटांचा आकार कापून काढलेला आहे. त्या पोकळीतून पलीकडचे आकाश दिसते. जे आपले म्हणून सांगितले जाते आणि आपल्याकडे नाही, त्याचे याहून बोलके चित्र काढणे कठीण. इंग्रजांच्या ‘चाच्या’ जहाजांना येथे नांगर टाकण्यास मनाई आहे, असा फलक बंदरात लावला गेला. २०१२ च्या फेब्रुवारीत फॉकलंडला जाऊन आलेल्या दोन प्रवासी जहाजांना उशुआयात प्रवेश नाकारण्यात आला, आणि २०१४ मध्ये एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या पथकाला, त्याच्या मोटारीच्या क्रमांकात १९८२ च्या युद्धाची खोच आहे अशा समजुतीने प्रक्षुब्ध झालेल्या जमावापुढे शहरातून काढता पाय घ्यावा लागला. ज्या प्रांताची उशुआया ही राजधानी आहे, त्याच्या अधिकृत नावातच तिएरा देल फुएगोबरोबर अंटार्क्टिका आणि दक्षिण अटलांटिकमधील बेटे यांचा समावेश आहे. म्हणजे या शहराच्या राज्यकारभाराखाली कागदोपत्री जेवढा मुलूख आहे, त्याचा फार मोठा भाग त्याच्या हाती नाही.

एखाद्या शहराने आपल्या मृतांचे स्मरण करावे यात गैर काहीच नाही. ते त्याचे कर्तव्यच आहे. प्रश्न वेगळा आहे. स्मरण माणसांचे होते की मुलखाचे, आणि युद्धाचा गौरव करताना ते कोणी, कशासाठी पुकारले याचा विसर पाडला जातो काय, हा तो प्रश्न होय. उशुआयाचा किनारा हा प्रश्न विचारण्यास जगातील अत्यंत योग्य जागा आहे. कारण या एकाच पाण्यावर अवघ्या साडेतीन वर्षांच्या अंतराने दोन युद्धांची तयारी झाली. त्यांतील एक झाले; दुसरे टळले.

हक्कासाठी वसविलेले शहर

उशुआया हे व्यापाराने वाढलेले बंदर नव्हे. ते राज्यसत्तेने हेतुपूर्वक वसविले आणि पोसले. १८३३ च्या जानेवारीत डार्विनला घेऊन ‘बीगल’ जहाज या सामुद्रधुनीत आले. त्याच महिन्यात ब्रिटनने फॉकलंड बेटांचा ताबा घेतला. पुढे येथे जे पहिले युरोपीय आले ते अँग्लिकन मिशनरी, आणि त्यांचे ठाणे होते फॉकलंडमधील केपेल बेटावर. थॉमस ब्रिजेस यांनी यागान लोकांची भाषा प्रथम तेथेच आत्मसात केली आणि तिचा बत्तीस हजार शब्दांचा कोश सिद्ध केला. ‘उशुआया’ हे नावही त्याच भाषेतले. १८८४ च्या ऑक्टोबरात अर्जेंटिनाच्या आरमाराने येथे आपला ध्वज लावला, आणि त्याच सुमारास आलेल्या गोवराच्या साथीने यागानांची वस्ती कोलमडली. ही भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या अखेरच्या व्यक्ती, क्रिस्तिना काल्देरोन, २०२२ च्या फेब्रुवारीत चिलीत निवर्तल्या. सार्वभौमत्वाच्या सगळ्या वादांत ज्यांचा हक्क कोणी विचारात घेतला नाही, ते हे लोक.

ध्वज लावला तरी माणसे आणायची कोठून? सरकारने कैदी आणले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कैद्यांनी स्वतःच्याच हातांनी येथे तुरुंग बांधला, जंगल तोडले, रेल्वेचे रूळ टाकले आणि गावाचे रस्तेही केले. हा तुरुंग १९४७ मध्ये बंद झाला. आज तेथे संग्रहालय आहे. त्यानंतर आरमारी तळ आला. १९७२ मध्ये १९६४० क्रमांकाचा कायदा करून या प्रदेशाला करांतून सूट देण्यात आली आणि दूरचित्रवाणी संच जुळविणारे कारखाने थेट जगाच्या टोकाशी येऊन उभे राहिले. १९९१ च्या जनगणनेत सुमारे एकोणतीस हजार असलेली लोकसंख्या २०१० पर्यंत सत्तावन्न हजारांच्या आसपास आणि पुढे ऐंशी हजारांच्या घरात गेली. कैदी, नाविक, करसवलत आणि आता पर्यटक, अशा चार भरत्यांनी वाढलेल्या या गावातील बहुसंख्य कुटुंबे एकदोन पिढ्यांपूर्वी उत्तरेकडून आलेली आहेत. अशा लोकांना एकत्र बांधणारी जुनी स्मृती नसते. ती निर्माण करावी लागते. माल्विनासने ती गरज भागविली आहे.

चौऱ्याहत्तर दिवस

परंतु ही स्मृती पोकळ आहे असे कोणी समजू नये. २६ एप्रिल १९८२ रोजी ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर युद्धनौका उशुआयाहून निघाली. तिची कथा विलक्षण आहे. मूळची ही अमेरिकन नौका. तेव्हा तिचे नाव ‘फिनिक्स’ होते, आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर जपान्यांनी केलेल्या हल्ल्यातून ती सहीसलामत सुटली होती. २ मे १९८२ रोजी मात्र ‘काँकरर’ या ब्रिटिश अणुशक्तीवरील पाणबुडीने तिला पाणतीरांनी बुडविले. ब्रिटनने स्वतः आखलेल्या दोनशे सागरी मैलांच्या निषिद्ध क्षेत्राबाहेर ती होती, यावरून पुढे वर्षानुवर्षे वाद झाला. तिच्यावरील ३२३ जणांना मृत्यू आला. म्हणजे अर्जेंटिनाने या युद्धात जे ६४९ सैनिक गमावले त्यांतील जवळजवळ निम्मे एका दुपारी गेले. वादळात तराफ्यांवर रात्र काढून जे वाचले त्यांपैकी शेकडोंना घेऊन जहाजे परत आली ती उशुआयालाच. ज्या धक्क्यावरून आज प्रवासी अंटार्क्टिकाला निघतात, ते हेच बंदर. येथील लोकांना युद्ध वृत्तपत्रांत वाचावे लागले नाही.

युद्ध १४ जून रोजी संपले. ब्रिटनचे २५५ सैनिक आणि तीन बेटवासीही त्यात मरण पावले. अर्जेंटिनाच्या बाजूने बेटांवर लढलेल्यांत सक्तीच्या लष्करी सेवेतील एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांचा भरणा मोठा होता. यांतील अनेक जण उष्ण प्रदेशांतून आलेले होते. त्यांना दक्षिणेच्या हिवाळ्यात अपुऱ्या कपड्यांनिशी, अर्धपोटी खंदकांत बसविण्यात आले. भुकेपोटी अन्न चोरल्याबद्दल आपल्याच अधिकाऱ्यांनी हातपाय ताणून उघड्यावर जमिनीशी खिळल्यागत बांधून ठेवल्याच्या तक्रारी या सैनिकांनी केल्या, आणि २००७ मध्ये त्या याच प्रांतातील रिओ ग्रांदे येथील न्यायालयात दाखल झाल्या. बेटांवरून परतलेल्यांना गुपचूप छावणीत नेऊन, पाहिले ते बोलणार नाही अशा कागदांवर त्यांच्या सह्या घेण्यात आल्या. ज्या राजवटीने त्यांना पाठविले ती १९७६ पासून आपल्याच नागरिकांना नाहीसे करीत होती. १९८४ मध्ये सरकारी आयोगाने अशा ८,९६१ बेपत्ता व्यक्तींची नोंद केली, आणि मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटना हा आकडा तीस हजारांवर नेतात. ३० मार्च १९८२ रोजी ब्युनोस आयर्समधील कामगारांचा मोर्चा पोलिसांनी दडपून काढला. २ एप्रिल रोजी सैन्य बेटांवर उतरले, आणि तीनच दिवसांपूर्वी ज्या जनरल गाल्तिएरींचा धिक्कार झाला होता त्यांचा जयजयकार झाला. दक्षिण जॉर्जियावर ब्रिटिशांपुढे शरणागतीच्या कागदावर सही करणारा आरमारी अधिकारी आस्तिस हा बेपत्ता मुलांच्या मातांना पकडून देण्याबद्दल कुप्रसिद्ध होता. त्याला २०११ मध्ये जन्मठेप झाली. निःशस्त्र स्त्रियांपुढे शूर आणि शत्रूपुढे नम्र, असे या राजवटीचे चरित्र त्या एका सहीत उमटले आहे.

समोरचा किनारा

आता उशुआयाच्या धक्क्यावरून दृष्टी समोर वळवावी. पलीकडे दिसणारे नवारिनो बेट चिलीचे आहे. याच सामुद्रधुनीच्या पूर्व मुखाशी पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा ही तीन छोटी बेटे आहेत. त्यांच्या मालकीचा वाद लवादाकडे गेला, आणि १९७७ मध्ये लवादाने ती चिलीला दिली. अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी तो निर्णय धुडकावून लावला. १९७८ च्या डिसेंबरात त्यांनी आक्रमणाचा आदेश दिला. चिलीतही पिनोशे यांची लष्करी सत्ता होती; तिनेही किनाऱ्यांवर सुरुंग पेरले. दोन्ही आरमारे समुद्रात होती. युद्ध काही तासांवर आले असताना पोप जॉन पॉल दुसरे यांची मध्यस्थी मान्य झाली आणि कार्डिनल अंतोनिओ सामोरे हे वृद्ध मुत्सद्दी दोन्ही राजधान्यांच्या येरझाऱ्या घालू लागले. वाटाघाटी सहा वर्षे चालल्या. सामोरे यांना शेवट पाहता आला नाही. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८४ च्या नोव्हेंबरात, लोकशाही परत आल्यानंतर, राष्ट्राध्यक्ष राऊल आल्फोन्सिन यांनी तडजोडीवर सार्वमत घेतले आणि चार-पंचमांशांहून अधिक मतदारांनी तिला संमती दिली. तीन बेटे चिलीची राहिली, समुद्रावरील हक्कांची वाटणी झाली, करार झाला.

या तडजोडीने अर्जेंटिनाचे काय गेले? राष्ट्राभिमानाची भाषा बोलणाऱ्यांच्या मते तीन बेटे गेली. तथापि १९७८ च्या नाताळात या पाण्यात जे हजारो तरुण मेले असते ते मेले नाहीत. ते आज साठी ओलांडून गेलेले आहेत, त्यांना नातवंडे आहेत, आणि आपण वाचलो याची त्यांपैकी पुष्कळांना जाणीवही नसेल. टळलेल्या युद्धाची हीच अडचण आहे. त्याला हुतात्मे नसतात, म्हणून त्याला विमानतळाचे नाव मिळत नाही, आणि त्याच्या नावाने सुट्टीही जाहीर होत नाही. एकाच देशाने, एकाच समुद्रात, बेटांच्या दोन वादांचे दोन प्रकारे काय केले हे पाहायचे असेल तर उशुआयाला जावे. एका वादात हट्ट सोडला आणि शेजारी मिळाला. दुसऱ्यात हट्ट धरला आणि बेटेही गेली, माणसेही गेली.

हक्क खरा, युद्ध खोटे

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेतला पाहिजे. चिलीबरोबरची तडजोड दोन शेजाऱ्यांतील होती. फॉकलंडचा प्रश्न साम्राज्यसत्तेने बळकावलेल्या मुलखाचा आहे, असे अर्जेंटिनाचे लोक म्हणतात. वसाहतवाद भोगलेल्या आपल्यासारख्या देशाला हा युक्तिवाद समजण्यास अडचण पडू नये. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९६५ मध्येच २०६५ क्रमांकाच्या ठरावाने उभय पक्षांना वाटाघाटी करण्यास सांगितले होते. ब्रिटनने त्या रेंगाळत ठेवल्या. १९८० मध्ये बेटांचे सार्वभौमत्व अर्जेंटिनाला देऊन ती भाडेपट्ट्याने परत घ्यावीत, अशी सूचना ब्रिटिश मंत्री निकोलस रिडली यांनी मांडली, तेव्हा लंडनच्या संसदेत तिची वाट लावण्यात आली. दुसऱ्या बाजूने बेटांवरील गस्तीची नौका काढून घेण्याचा निर्णय झाला, आणि १९८१ च्या कायद्याने अनेक बेटवासीयांना पूर्ण नागरिकत्वही नाकारले. ज्यांची लंडनला किंमत नव्हती, त्यांच्यासाठी वर्षभरात सबंध आरमार निघाले. ब्रिटनला निर्दोष ठरविण्याचे कारण नाही.

परंतु हक्क खरा असला म्हणून त्यासाठी केलेले युद्ध खरे ठरत नाही. गाल्तिएरींच्या साहसापूर्वी वाटाघाटींचे दार अर्धे तरी उघडे होते. त्यांनी ते निदान दोन पिढ्यांसाठी बंद केले. २०१३ च्या सार्वमतात बेटांवरील १,५१३ मतदारांनी ब्रिटनबरोबर राहण्यास अनुकूल मत दिले, विरुद्ध मते पडली तीन. अर्जेंटिना या सार्वमताला मान्यता देत नाही. तरी ज्यांच्या दारात एके सकाळी परके सैन्य उतरले, त्यांच्या या तिढ्याचे उत्तर नकाशा कापलेल्या पत्र्यात सापडणार नाही. अर्जेंटिनातील विचारी लोकांनी हे पूर्वीच ओळखले आहे. जनरल रातेनबाख यांच्या अध्यक्षतेखालील लष्करी आयोगाने १९८३ मध्ये युद्धाच्या संचालनावर कठोर ताशेरे ओढले. तो अहवाल २०१२ मध्ये अधिकृतपणे खुला झाला. गाल्तिएरींना १९८६ मध्ये शिक्षा झाली. पुढे त्यांना माफी मिळाली. लष्करशहांचा धिक्कार आणि माल्विनासचा जयघोष हे दोन्ही एकाच तोंडाने करण्याची वेळ या देशावर आली आहे. ही विसंगती त्याने सोडविलेली नाही, झाकली आहे. आणि स्मारके हे झाकण्याचे सर्वांत सोपे साधन होय.

नाव परत देणे

स्मरणाचा दुसरा मार्ग याच युद्धाने दाखविला आहे. १९८३ मध्ये जेफ्री कार्डोझो या ब्रिटिश अधिकाऱ्याने युद्धभूमीवर विखुरलेले अर्जेंटिनी मृतदेह गोळा करून डार्विन येथील दफनभूमीत पुरले, आणि प्रत्येक मृतदेहाची तपशीलवार नोंद ठेवली. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या कबरींवर ‘केवळ देवाला ज्ञात असलेला अर्जेंटिनी सैनिक’ अशा आशयाचे शब्द कोरले गेले. २००८ मध्ये हुलिओ आरो हा माजी अर्जेंटिनी सैनिक लंडनला गेला असता कार्डोझो यांनी आपल्या नोंदी त्याच्या हाती दिल्या. पुढे दोन्ही सरकारांनी करार केला, आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने १२१ अनामिक कबरी उघडून अवशेषांची तपासणी केली. त्याच वर्षअखेरीस ८८ जणांची नावे निश्चित झाली. नंतरही ती वाढत गेली. पस्तीस वर्षांनी आयांना मुलाच्या नावाची कबर मिळाली. या कामात सार्वभौमत्वाचा कोणताही दावा कोणी सोडला नाही आणि कोणी जिंकलाही नाही. बेटांवर पेरलेले सुरुंगही २०२० पर्यंत काढून झाले. ते काढणाऱ्यांत मोठा भरणा झिंबाब्वेच्या कामगारांचा होता. ज्या युद्धाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता त्याची घाण त्यांनी वाकून वेचली.

महाराष्ट्राचाही या युद्धाशी एक धागा आहे. १९८२ मध्ये ब्रिटिश आरमाराचे नेतृत्व करणारी ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका १९८७ मध्ये ‘विराट’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली आणि २०१७ मध्ये मुंबईतच निवृत्त झाली. सिंधुदुर्गातील निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली. पण २०२० मध्ये नौका गुजरातेत अलंगला भंगारात गेली. तिकडे स्मृतीचा अतिरेक, तर इकडे स्मृतीची हेळसांड. तेव्हा उशुआयाला उपदेश करण्याचा आपला अधिकार फार मोठा नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याच समुद्रात भारताने दुसऱ्याही प्रकारे हजेरी लावली आहे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा केप हॉर्न ओलांडून ते पोर्ट स्टॅनलीला थांबले. २०१८ मध्ये ‘तारिणी’वरील नौदलाच्या महिला अधिकारीही तेथे गेल्या. या बंदरांचे मोल कोणाचा ध्वज फडकतो यावर ठरत नाही, वादळातून आलेल्यास ती आसरा देतात की नाही यावर ठरते, हे खलाशांना राज्यकर्त्यांपेक्षा आधी कळते.

उशुआयाने माल्विनास चौक मोडावा असे कोणी म्हणणार नाही. ‘बेलग्रानो’वरून गेलेल्या ३२३ जणांचे त्या पाण्याशी असलेले नाते कायमचे आहे. तथापि त्या चौकात उभे राहणाऱ्या शाळकरी मुलांना दोन गोष्टी आणखी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की, या सैनिकांना मरणाच्या तोंडी देणारा पहिला गुन्हेगार त्यांच्याच राजधानीत बसला होता. दुसरी ही की, पाठ वळवून समोर पाहिले तर जो किनारा दिसतो, त्याच्यासाठीही एकदा असेच मरायचे ठरले होते. एक वृद्ध धर्मगुरू कागदांची पिशवी घेऊन सहा वर्षांच्या वाटाघाटींचा प्रारंभ करून गेला, म्हणून त्या बाजूच्या भिंतीवर नावे कोरण्याची पाळी आली नाही. जे राष्ट्र आपल्या न कोरलेल्या नावांचाही हिशेब ठेवील, त्याला पुढच्या वेळी कोणताही लष्करशहा तीन दिवसांत धिक्काराकडून जयजयकाराकडे नेऊ शकणार नाही.